कॅन्ससच्या शेतात आईनं वेचलेला सरवा

मिशिगनमधल्या ट्रॉयहून कॅन्ससला ज्वारी बघायला कोण जातं? आम्ही गेलो. ऐंशीच्या दशकातला ऑक्टोबर होता. सुटे भाग बनवायचं माझं छोटं मशीन शॉप नुकतं कुठे चालायला लागलं होतं. बाबा गेल्यावर आईला बार्शीकडच्या गावाहून कायमची इकडे आणली, तर महिन्याभरातच तिनं परतीच्या तिकिटाचं काढलं. कारण सांगेना. पण एकदा माझ्या बायकोला, सुमनला, ती हळूच म्हणाली ते मी जिन्यातून ऐकलं, "पोट भरतं गं, पण जेवल्यासारखं वाटत नाही."

तिला ज्वारीची भाकरी हवी होती, पण इथल्या भारतीय किराणा दुकानात तेव्हा ज्वारीचं पीठ मिळत नसे. शॉपमधल्या एका कामगाराचा मेहुणा डेल कॅन्ससमध्ये 'मायलो' पिकवायचा. खोदून विचारलं, तर ती निघाली ज्वारी! डेलला फोन केला. सुमनला रजा नव्हती, म्हणून मी आणि आईच निघालो.

इंडियानापोलिसला आय-सेव्हंटी हायवे धरला की पुढे वळायचं काम नाही. मुक्कामाला गुजराती मोटेल शोधा. आम्हाला स्वस्त खोलीबरोबर गरम खिचडीही मिळाली. मिझुरीतल्या एका डायनरमध्ये बिस्किटांवर, म्हणजे इथल्या मऊ पावांवर, काळसर पाक आला. आईनं बोट चाटलं. "अरे, ही तर काकवी!" वेट्रेसनं सांगितलं, एका जातीच्या ज्वारीच्या ताटांचा रस काढून आटवतात. आईनं बशी पुसून खाल्ली.

कॅन्ससमध्ये पीक जेमतेम कमरेएवढं, कणसं विटकरी लाल.

"एवढीशी? आणि कडबा?" आईनं विचारलं.

"रानातच सोडतात."

"मग गुरं काय खातात?"

"दाणे."

"आणि माणसं?"

"गुरं."



डेल कंबाइनवर, म्हणजे कापणी-मळणीच्या मशीनवर होता. आमच्यासाठी त्यानं पोतं भरून ठेवलं होतं. (तुम्ही गेलात तर असंच शेतकऱ्याकडून घ्या. बियाण्याच्या दुकानातली ज्वारी खायला आणू नका, तिला औषध चोळलेलं असतं.) मी पोतं गाडीत चढवून वळतो तो काय, आई कापलेल्या रानात! मशीनच्या मागे पडलेली कणसं वेचून पदराच्या ओच्यात घालत होती. डेलनं मशीन थांबवलं. मी धावत गेलो.

"आई, अगं पोतं दिलंय त्यानं!"

"ते तू मागून घेतलंस. हा सरवा आहे. मागं राहिलेलं वेचलं तर कुणाचं काही जात नाही. तुझ्या घरी मला सगळं बसल्या जागी मिळतं रे. हे तरी माझ्या हातचं असू दे."

मी डेलला जमेल तसं समजावलं. तो खाली उतरला, टोपी मागे सरकवली आणि बांधाकडे बोट दाखवलं. "त्यांना सांग, तिकडे जास्त सापडतील. पण माझ्या मशीनला हसायचं नाही." मी ते मराठीत सांगितल्यावर आईच हसली. त्या माणसाचे उपकार मी अजून मानतो.

ट्रॉयला आल्यावर आईनं ड्राइव्हवेवर जुनी चादर अंथरली, कणसं बडवली, बेकिंगचा ट्रे सुपासारखा धरून दाणे पाखडले. शेजारचे पडदा सरकवून बघत होते. सुमनच्या कॉफी ग्राइंडरमध्ये दळण झालं. पहिली भाकरी कडेनं चिरली, रंगही तांबूस. आईनं तुकडा मोडला, चावला आणि निकाल दिला, "चव बरी आहे. पुढच्या वर्षी त्या डेलला थोडी पांढरी पेरायला सांग."

पुढच्या वर्षी! सुमननं माझ्याकडे बघितलं. मी ताट पुढे केलं.