लाल पोल, काळा पोल

पोल वाकायला लागला की ते आधी तळहाताला कळतं. डोळ्यांना नाही, पायांना तर मुळीच नाही. ते अजून धावपट्टीवरच असतात. टोक खाचेत बसल्याचा दणका मनगटातून खांद्यापर्यंत येतो, आणि मुठीतल्या त्या निर्जीव नळीत काहीतरी जागं होतं, ताणलेलं, आपल्याला उचलून घेऊ पाहणारं. बांबूउडी सोडून मला वीसेक वर्षं झाली. तरी बँकेत सही करताना, कधी भाजीच्या पिशव्या घेऊन दादरच्या घराचा जिना चढताना, उजव्या तळहातात ती जाग अवचित येते आणि मी असेन तिथे क्षणभर थांबते.

लोकांना वाटतं, लांब काठी घ्यायची, धावायचं आणि उडायचं. लोकांचं तरी काय चुकलं? लांबून तसंच दिसतं. खरा खेळ मात्र धावण्याआधीच सुरू झालेला असतो: कोणता पोल घ्यायचा, आणि त्यावर मूठ किती उंच धरायची? कडक पोल उंच फेकतो, पण त्याला वाकवण्याइतका वेग तुमच्या पायांत असेल तरच. नसेल तर तो अर्ध्यावर उभा राहतो आणि आलात त्याच वाटेवर तुम्हाला निमूटपणे परत टाकतो. नरम पोल मायाळू, पण तुमचा वेग वाढला की तो नको तितका वाकतो आणि उंची द्यायचं सोडून गादीच्या टोकाला नेऊन आपटतो. त्यात गंमत अशी, की मूठ वर सरकवली तर तोच पोल नरम होतो आणि खाली घेतली तर कडक. म्हणून बोटाबोटाने मूठ वर न्यायची, पोल नरम पडला की पुढचा कडक घ्यायचा, आणि तो घेताना मूठ पुन्हा खाली आणायची. अवघड काही हाती घेताना आधी स्वतः थोडं खाली यायचं, ही किती शहाणी रीत! संसारात, नोकरीत आपण ती कधी पाळतो का?

हे सगळं मला पेडणेकर सरांनी शिकवलं. सर मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः शाळेत पीटीचे शिक्षक, आणि राहायला डिलाईल रोडच्या चाळीत. चाळीच्या खोलीत पोल मावणार कसे? त्यांनी ते गॅलरीच्या छताला दोऱ्यांनी आडवे टांगले होते. चाळीत त्याच उंचीवर कपडे वाळत घालायच्या काठ्या असतात. त्यामुळे सरांच्या बायकोला, आमच्या काकींना, या गुळगुळीत, गंज न धरणाऱ्या लांबलचक काठ्या म्हणजे देवाचीच कृपा वाटे. सरावाला पोल न्यायला आम्ही मुली आलो की आधी काकींचे परकर आणि सरांचे लेंगे उतरवून घड्या घालायच्या. ओरखडा गेलेला पोल कधीतरी हवेत मोडतो, म्हणून चिमटे लावायचे नाहीत, एवढाच तह त्या नवराबायकोत झालेला होता. मग पुढे एक, मागे एक असा खांदा देत आम्ही निघायचो. हिंदमातावरून जाताना साड्यांच्या दुकानातला माणूस हमखास विचारी, "पडद्याचा रॉड का गं?" आम्ही हो म्हणायचो.

पोलांना सरांनी रंगीत पट्ट्या गुंडाळल्या होत्या. सगळ्यांत कडक तो काळा. प्रत्येक पोल ठरावीक वजनासाठी घडवलेला असतो, म्हणून घरोघरी पोरींचं जे वजन कुजबुजत बोललं जायचं, ते सर गॅलरीतून ओरडून विचारायचे. मी लाल पोलापर्यंत पोचले होते. शेवटच्या हिवाळ्यात तो माझ्याखाली नरम पडू लागला, मूठ वर सरकवायला जागा उरली नाही, आणि सर म्हणाले, "आता काळो घेवया." त्याच महिन्यात बाबांचं मोठं आजारपण निघालं, मला नोकरी धरावी लागली आणि सराव सुटला तो सुटलाच. काळ्या पोलावर मी उडी मारली नाही, याची हुरहूर मला अजून आहे. लग्न, मुलगी, घर, सगळं चांगलं झालं. ती हुरहूर मात्र कशानेच गेली नाही. जे घडलं त्याची आठवण कधीतरी विरते, पण जे हाताशी येऊन राहून गेलं ते कसं विरावं?

परवा सरांचा फोन आला. चाळ पाडणार आहेत, खोली रिकामी करायची आहे, पोलांची सोय लावायची आहे. मी गेले. सर थकले आहेत, आवाज मात्र तोच.

"वजन किती गो तुझा आता?"

मी हळूच सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मोठ्याने सांगितलं तेव्हा आतून काकी हसल्या.

"काळो तुझोच. तुका कबूल केललो. ने."

घरी दिवाणखान्यात तो कुठल्या भिंतीवर राहील, हेसुद्धा मी मनात ठरवून आले होते. मी तो खाली उतरवला, त्याच्यावरून हात फिरवला, आणि सहज विचारलं, की हल्ली यावर कोण उडतं? सर म्हणाले, लालबागची एक मुलगी आहे, चांगली आहे, अजून लालवर आहे.

"लाल नरम पडतो का तिला?"

सरांनी पोलावरची सुटलेली पट्टी अंगठ्याने दाबली. मग म्हणाले, "पडता. पण काळो तुझो हा."

मला तो हवा होता. अगदी मनापासून हवा होता, आणि तो माझ्याकडे आला असता तर पुन्हा कधीच वाकला नसता. मी म्हटलं, "सर, काळा तिला द्या. आजच द्या. मला लाल चालेल." काळा पोल मुठीत कसा जागा झाला असता, हे आता मला कधीच कळणार नाही. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं आहे.

सरांनी लाल पोल काढून दिला. आम्ही खाली उतरलो आणि मी तो चाळीच्या अंगणात उभा धरला. हात सवयीने वर, जुन्या खुणेवर गेला. सर जवळ आले. माझी मूठ धरून त्यांनी ती चांगली दोन विती खाली आणली आणि म्हणाले, "आता हयसर. रविवारी मैदानात ये." तेव्हा मात्र मला रडू आवरेना, कारण नुसती आठवण म्हणून काठी देणारा माणूस मूठ कुठे आहे ते बघत नाही.