बाकी सगळं खरं होतं

माझ्या मामाला गल्लीत सगळे ‘पणमामा’ म्हणायचे. तो पाणीपुरवठा खात्यात होता. कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं ते साहेब ठरवत, व्हॉल्व्हची कमरेएवढी लोखंडी चावी मामा फिरवायचा. घरी आला की हातपाय धुऊन टीव्हीसमोर. माहितीपट असो की विनोदी कार्यक्रम, त्याचं तोंड चालूच.

“पण समोरच्याला विचारलं का यांनी? हे रडकं संगीत काढून टाक, मग बघ कोण रडतंय!”

मामी वैतागायची. “अहो, हसायचं असतं तिथे तरी हसा की!”

“हसतो. पण कोणाला हसतोय ते बघून हसतो.”

एकदा माहितीपट बनवणारी एक मुलगी कॅमेरा घेऊन मामाकडे आली. खालच्या वस्तीला पाणी का मिळत नाही, हा तिचा विषय. मामा भरभरून बोलला. म्हणाला, “मला सांगून ठेवलंय, पाणी पोचतं की नाही हे बघणं माझं काम नाही. तरी मी ड्युटी संपल्यावर वस्तीत जातो. नळ कोरडे ठणठणीत असतात. साहेबांना सांगून सांगून जीभ झिजली.”

माहितीपटात आधी बंगल्यांच्या बागांत उडणारं पाणी. मग मामाचं एवढंच: चावीला रेलून उभा, आणि “पाणी पोचतं की नाही हे बघणं माझं काम नाही.” लगेच पुढे रिकामा हंडा घेतलेली बाई.

त्यातून आम्ही सावरतोय तोच टीव्हीवरच्या एका विनोदवीराने ते वाक्य उचललं. मामासारखीच टोपी घालून, पोट पुढे काढून तो ते म्हणाला आणि सगळ्यात आधी मामीलाच हसू फुटलं. मग तिने तोंडावर पदर धरला. मामा उठून आत गेला.

त्यानंतर त्याला बाहेर पडणं नकोसं झालं. न्हावी म्हणे, “मामा, वस्तरा लागतो की नाही हे बघणं माझं काम नाही!” औषधाच्या दुकानात तेच, जिन्यातही तेच. मामाने रस्त्याकडची खिडकी कायमची लावून घेतली. सुट्टीच्या दिवशी तो त्या कोंदट खोलीत तोच माहितीपट पुन्हा पुन्हा बघत बसे. मी म्हटलं, “खोटारडे आहेत, मामा. सांगून टाक ना सगळ्यांना.”

“खोटं काय आहे, दाखव. ती बाई खरी, हंडा खरा. बंगल्यांच्या बागांत उडणारं पाणी खरं. मीच तेवढा खोटा आहे. इथेच तर घोडं अडलंय.”

मग एका रविवारी साहेब स्वतः घरी आले, फळांची पिशवी घेऊन. “वार्ताहर बोलावतो. कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणा, कार्यक्रम बनावट आहे. तुमची अब्रू वाचेल, खात्याचीही.”

“म्हणा ना हो,” मामी काकुळतीला आली. “निदान ती खिडकी उघडता येईल.”

मामाने चहाचा कप साहेबांपुढे सरकवला. मग म्हणाला, “साहेब, माझं बोलणं कापलं, हे सांगतो. कापलेलं काय होतं, तेही सांगतो. पण बनावट म्हणणार नाही.”

साहेब चहा अर्धा टाकून उठले. वार्ताहर कोणी आलाच नाही. पुढच्या आठवड्यात मामाची बदली मीटर दुरुस्तीच्या गोदामात झाली. तिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो.

माहितीपटाने बोभाटा झाला, चौकशी बसली, खालच्या वस्तीला दिवसाआड पाणी येऊ लागलं. ते कळलं तसा मामाने त्या मुलीला फोन लावला. मी शेजारीच होते.

“माझं पुढचं बोलणं का काढलंस गं?”

“वेळ कमी होता, काका. तुमचं ते वाक्य फार जोरदार होतं. आणि उपयोग झालाच ना?”

“झाला,” मामा म्हणाला आणि फोन ठेवला. मग डबा उचलून मागच्या बोळातून गोदामाकडे निघाला. त्या बोळात लोकांची वर्दळ नसते.