गाडी बंद पडावी म्हणून केलेली चारठाण्याची सहल

चारठाण्याची देवळं बघायला लोक कशाकशासाठी जात असतील. मी गेले ते माझी गाडी वाटेत बंद पडावी म्हणून.

झालं असं, की चालता चालता गपकन बंद पडायची खोड गाडीला पहिल्यापासून होती. शोरूममध्ये नेली की मात्र गरीब गाय. तिथला सर्व्हिसवाला नवनाथ दर वेळी गाडी धुऊन परत द्यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, आमच्यासमोर बंद पडायला पायजे. त्याशिवाय वॉरंटीत बसत न्हाई." इथंच घोडं पेंड खात होतं. वॉरंटी मंगळवारी संपणार होती. शेवटी वैतागून म्हटलं, मग रविवारी चला आमच्याबरोबर. तर तो खरंच आला, गॉगल लावून.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, देवळांसाठी कधीच्या मागे लागल्या होत्या. निघताना त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "देवा, गाडी कुठं अडू देऊ नको." देवानं ऐकायच्या आत मी घाईनं गाडी सुरू केली.

परभणीहून झरी, बोरी, जिंतूर असा सरळ रस्ता आहे. गतिरोधक तेवढे न सांगता येतात. मी दिसेल तो खड्डा गाठत होते.

"मॅडम, खड्डा चुकवा की," नवनाथ म्हणाला.

"चुकवतेच आहे," मी म्हटलं.

गाडी मात्र लोण्यासारखी चालली. जिंतूरला स्टँडजवळ भजी आणि चहा घेतला. शंभराच्या नोटेत तिघांचं भागतं.

जिंतूरहून जालन्याच्या रस्त्याला चारठाणा. गावात कुणीही देवळं दाखवतं. पाणी मात्र सोबत न्या. उंच दीपमाळ आहे, बारव आहे, कोरीव खांब आहेत. महादेवापुढे आत्याबाईंनी पुन्हा तेच मागणं घातलं. मी शेजारी डोळे मिटून म्हटलं, "महादेवा, एवढी आजच्या दिवस बंद पाड." नवनाथ फोटो काढत होता. त्याच्या जिवाला काही घोर नव्हता, याचा मला रागच आला.

परतताना तो म्हणाला, "द्या, मी चालवतो. तुमी आराम करा."

बोरीच्या अलीकडे गाडी गपकन बंद पडली. मी टाळ्या वाजवल्या.

"गाडी बंद पडली अन् तू टाळ्या वाजवायलीस?" आत्याबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"आत्या, मी हेच मागितलं होतं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "एका घरातून दोन मागणी गेल्यावर त्यो तरी काय करणार? जाताना माझं ऐकलं, येताना तुझं."

नवनाथनं शोरूमला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"गाडी इकडं घेऊन या," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "आमच्यासमोर बंद पडायला पाहिजे."

"अवो, मी समोरच हाय की. नवनाथ बोलायलोय, सर्व्हिसमधला."

"सर, तुमची तक्रार नोंदवली आहे." फोन ठेवला गेला.

नवनाथ लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसला. पोटभर हसून झाल्यावर मला त्याची कीव आली. आत्याबाईंनी त्याला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली. तो खाली मान घालून जेवला.

गाडी तिथंच एका धाब्यावर सोडून आम्ही एसटीनं आलो. आम्हा दोघींना अर्धं तिकीट, नवनाथला पूर्ण. सोमवारी त्यानं स्वतः गाडी ओढून नेली आणि 'माझ्यासमोर बंद पडली' असं लिहून दिलं. आत कुठली तरी वायर ढिली निघाली. दुरुस्ती वॉरंटीत बसली.

गाडी आता नीट चालते. नवनाथनं फोटो पाठवलेत आणि ते खरंच सुरेख आहेत. दीपमाळ, बारव, खांबाला टेकलेल्या आत्याबाई. जवळजवळ प्रत्येकात मीही आहे, देवळाकडे पाठ करून गाडीकडे बघत असलेली. खांबांवर काय कोरलंय ते मी घरी येऊन त्या फोटोंतच पाहिलं. आत्याबाई मात्र शेजारणींना ते कौतुकानं दाखवतात. "आमच्या सूनबाईला," त्या सांगतात, "देवाधर्माची लय आवड."