कुळथाच्या पिठाखालच्या गोळ्या

चिंचपोकळीच्या त्या चाळीत मालन परब कुळथाचं पीठ आणि आमसुलं विकते, हे सगळ्यांना माहीत होतं. पिठाच्या पुड्यांखाली क्षयाच्या गोळ्या असत, हे मात्र ज्यांचं त्यांनाच. सहा वर्षं ती एका संस्थेसाठी हे काम करत होती. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायच्या, पेशंटच्या घरी पोचवायच्या, आणि आधीची रिकामी पट्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय उंबरठा सोडायचा नाही. 'टीबी' हा शब्द तिने चाळीत कधी उच्चारला नाही. "पीठ संपला काय गो?" एवढंच विचारायची.

फेब्रुवारीत संस्थेचं पत्र आलं. बाहेरून येणारा निधी थांबला होता, एकतीस मार्चला काम बंद. पेशंटांनी यापुढे मार्केटसमोरच्या दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन स्वतः गोळ्या घ्याव्यात.

संस्थेचा अधिकारी क्रिस माझगावचा, तिशीतला, मनाने सरळ. त्याने चाळीच्या मंडळाच्या हॉलमध्ये निरोप समारंभ ठेवला. बॅनर, मालनला शाल आणि नारळ. पुढच्या ओळीत अकरा खुर्च्या, उपचार अर्ध्यावर असलेल्या अकरा पेशंटांसाठी. त्यांना सगळं समजावायचं आणि 'मला कळवण्यात आले आहे' अशा फॉर्मवर सह्या घ्यायच्या, असा बेत.

मागे वडे खायला चाळ लोटली. पुढच्या अकरा खुर्च्यांवर कुणी फिरकलं नाही.

"लोकांना पडलेलीच नाही, मालनताई," क्रिस हळूच म्हणाला. "लिहून टाकतो, कळवलं होतं, आले नाहीत."

मालनने मांडीवरचा नारळ सावरला. "साहेब, त्या खुर्चीत जो बसेल त्याला काय झालंय, ते अख्ख्या चाळीला कळेल. बसणार कोण?"

क्रिसने खुर्च्यांकडे बघितलं आणि त्याचे कान लाल झाले.

"सुरू करताना तुम्ही माझ्याबरोबर दारोदार फिरलात. अर्ध्यावर सोडणार नाही, असा शब्द मी दिला, तुमच्या देखत. आता सोडताय, तर तेही दारात जाऊन सांगा. बोलावणं घरोघरी आणि निरोप बॅनरवर, असं असतं का कुठे?"

"पण मी पुन्हा दारोदार फिरलो तर लोक विचारतील, हा कोण म्हणून."

"सांगेन, पुतणीसाठी स्थळ बघितलंय."

"मी? कॅथलिक?"

"चर्चा होईल की! पण तुमची होईल. त्यांच्या दुखण्याची नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. तिसऱ्या मजल्यावर मीराबाईंचं घर. त्यांची मुलगी मनवा हिच्या चार महिन्यांच्या गोळ्या बाकी होत्या. आता तिच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लग्न ठरलेलं, दिवाळीनंतरचं.

क्रिसने खिडकीचं सांगितलं. मनवा म्हणाली, "मी नाही जाणार. माझ्या होणाऱ्या सासूबाई रोज त्याच मार्केटात भाजी घेतात."

"मग गोळ्या?"

"राहतील."

अर्ध्यावर सोडलेला क्षय दुप्पट चवताळून उठतो, हे मालनने बघितलेलं होतं.

मीराबाईंनी पाण्याचा तांब्या क्रिसपुढे जरा जोरातच ठेवला. "तुमचं काम मार्चला संपतं. हिचं दुखणं जुलैला संपेल. कॅलेंडर कुणाचं धरायचं, साहेब?"

क्रिसने काढलेला फॉर्म परत बॅगेत सरकवला. मग म्हणाला, "माझगावचा दवाखाना चालेल? माझी आई तिथे बीपीच्या गोळ्यांना जाते. मनवाचे कागद मी तिकडे हलवतो."

"तिथे मला कुणी ओळखत नाही," मनवा आईकडे बघत म्हणाली. "जाईन."

मार्चभर क्रिस या दवाखान्यातून त्या दवाखान्यात कागद हलवत राहिला. कुणाला पहिल्या खेपेला सोबत हवी होती, तिथे सोबत गेला. नऊ जणांची सोय लागली. एक जण न सांगता गावी गेला, त्याचा फोन लागेना. दुसऱ्या मजल्यावरच्या दीपकने दोनदा दारातूनच हाकललं. "तुम्ही चाललात ना? मग जा!"

शेवटच्या अहवालावर मालनची सही हवी होती. छापील रकान्यात क्रिसने लिहिलं होतं: सर्व रुग्ण पुढील केंद्राकडे सुपूर्द.

"सर्व?" मालनने चष्मा वर केला. "नऊ लिहा. आणि खाली दोघांचं काय झालं ते लिहा."

"ताई, वरचे लोक विचारत बसतील."

"विचारू देत ना. अजूनपर्यंत विचारलंय कुणी?"

क्रिसने ओळ खोडली, नऊ लिहिलं. खाली जागा पुरेना म्हणून पानाच्या मागच्या बाजूला लिहीत गेला. मग मालनने सही केली.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मालन नेहमीसारखी पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. पगार थांबला होता, पिशवीत आता नुसतं पीठ.

"पीठ संपला काय गो?"

मनवा बाहेर आली आणि तिने तळहातावरची रिकामी पट्टी पुढे केली. मालनने ती उलटीपालटी करून बघितली, प्रत्येक खळगा बोटाने चाचपला.

"बरां. माझगावला गर्दी होती?"

"नव्हती. अर्धा किलो द्या, मावशी. आईला पिठी करायचीय."

पीठ देऊन मालन जिना उतरली, दुसऱ्या मजल्यावर थांबली, आणि दीपकची कडी वाजवली.