अंगठा जुळला न्हाई तर

रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवायचा, मंग धान्य. माजा अंगठा जुळतच न्हाई. दुष्काळी कामावर खडी फोडली, पुढं लोकांच्या वावरात खुरपलं. रेघा राहत्यात कुठं? तीन महिने रिकामी पिशवी घिऊन माघारी आले. दुकानदार म्हनायचा, "आज्जे, अंगठा घरी इसरलीस काय?" रांगंतल्या बाया हसायच्या.

आमचं नातीच्या पगारावर भागायचं. शेजारची म्हातारी एकटी, तिचा बी अंगठा जुळंना. तिनं संध्याकाळची चूल बंद केली.

नात पुण्याच्या कंपनीचं काम घरातच लॅपटॉपवर करती. एकदा इचारलं, "दिवसभर काय लिवती गं?"

"आज्जी, रेशनच्या मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर आमचं. वरची बटनं दुसऱ्या कंपन्या करत्यात. आमच्या सॉफ्टवेअरकडून काय काय करून घेता येतं ते मी त्यांच्यासाठी लिवते. लिवलंय तेवढंच बटन त्या देत्यात."

"मंग अंगठा जुळला न्हाई तर काय, ते लिवलं का?"

ती हळूच म्हनली, "सोय हाय. मोबाईलवर आकडा येतो, तो टाकला की धान्य मिळतं. पन साहेब म्हनले, बाहेर छापू नको, लोक गैरफायदा घेत्याल. मी ते पान काढून टाकलं."

मी हातातलं सूप आपटलं. "तू काढलंस? मी तुज्यासमोर रिकामी पिशवी खुंटीला टांगती, आन तुला ठावं हुतं?"

"मला वाटलं, लई थोड्यांचं असं हुतंय."

"थोड्या? ह्या आळीत खडी फोडल्याली एक एक बाई मोज!"

दुसऱ्या दिवशी साहेब लॅपटॉपवर दिसला तवा मी शेजारनीला घिऊन म्होरं बसले. दोघींनी अंगठे दावले. "साहेब, ह्यात गैरफायदा कुठं दिसतोय का बगा."

"आजी, मी विचार करतो."

"करा. तवर ही उपाशी निजंल."

मंग तो नातीला म्हनला, "ते पान परत घाला." नातीनं माज्यासमोरच घातलं. मी तिच्याशी दोन दिस बोलले न्हाई तरी.

बटन यायला अजून दोन महिने गेले. शेजारनीनं पयल्यांदा पिशवी भरून घेतली तवा दुकानदार हसून म्हनला, "आज्जे, नवी सोय आलीय बरं का!"

"नवी न्हाई," मी म्हनले. "आदीपासून हुती. आमास्नी सांगितली न्हवती."