डाव्या हाताची चाकं

दादाचा फोन आला तेव्हा मी हॅनोव्हरच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. तो मला कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. बाहेर येऊन उचलला. तो म्हणाला, "मीनल गेली रे... सकाळी चहा ठेवला तिनं, आणि खाली बसली ती..." मी मिळेल ती गाडी पकडून श्टुटगार्टला निघालो. मीनलवहिनीला जाऊन आता काही आठवडे झालेत. अजूनही तिच्याबद्दल बोलताना माझ्या तोंडी 'करते', 'म्हणते' असंच येतं.

वहिनी पुण्यात डिझाइन इंजिनीअर होती. दोन हजार सालानंतर दादाला श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात नोकरी लागली आणि ती लहानग्या लेकीला, इराला, घेऊन त्याच्यामागे आली. इथे तिच्या डिग्रीला किंमत मिळायची तर आधी जर्मन यायला हवं होतं. त्या रिकाम्या दिवसांत तिला घराजवळच्या क्लबचा पत्ता लागला. लाकडी ट्रॅकवरच्या खाचेतून विजेवर धावणाऱ्या, तळहाताएवढ्या रेसिंग कार्सचा क्लब. सगळे पन्नाशी-साठीचे पुरुष, आणि त्यांत कुर्ता घातलेली ही एकटी. भाषा ती तिथेच शिकली. त्यामुळे तिच्या जर्मनमध्ये भाजीपाल्याआधी आस आणि टायरचे शब्द आले, असं दादा चिडवायचा.

वर्षातून एकदा क्लबची एक खास शर्यत व्हायची. तिच्यात मागची चाकं मोटरवर न घासता हातानंच घडवलेली लागत. वहिनीचा जीव त्या शर्यतीत होता. केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या त्यांच्या खोलीत, तिचं टेबल होतं. लाकडाच्या छोट्या घोडीवर चाकांची आस ठेवायची, एका हातानं ती हळूहळू फिरवायची आणि मार्करचं टोक रबराच्या अगदी जवळ स्थिर धरायचं. चाकाचा जो भाग वर आलेला असेल, तेवढ्यालाच शाई लागते. मग दुसऱ्या हातानं बारीक कानस तेवढ्याच जागी फिरवायची. पुन्हा शाई, पुन्हा कानस... शाई चहूकडून सारखी लागेपर्यंत. एकदा मीही बसलो होतो. माझं चाक बटाट्यासारखं झालं. वहिनीनं ते हातात फिरवून बघितलं आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला घाई फार. जास्त घासलेलं परत लावता येत नाही."

आणि मग एका हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. वाचली, बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात गेल्यासारखा झाला. हॉस्पिटलमधून आल्यावर ती खिडकीशी नुसती बसून असायची. इरा शाळेतून आली की जर्मनमध्ये काहीबाही सांगत राहायची, वहिनी मराठीत हुं हुं करायची. क्लबचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, क्लाइन भेटायला आले. भला माणूस. त्यांनी सुचवलं, "चाकं मी मशीनवर करून देतो, तुम्ही मशीनची चाकं चालतात त्या गटात उतरा." मी तिथेच होतो. वहिनी सावकाश, जर्मन शब्द जुळवत म्हणाली, "मशीनला काय, माझा हात काय नि तुमचा हात काय, सारखाच. मला माझा हात परत हवाय."

दुसऱ्या दिवशी ती दादाचा हात धरून केलरमध्ये उतरली. कानस डाव्या हातात घेतली, आणि आस फिरवायचं काम दुखऱ्या उजव्या बोटांना दिलं. बोटं निसटायची, आस खाली पडायची. सुरुवातीची चाकं इतकी वेडीवाकडी झाली की तिनं ती कुणाला दाखवलीच नाहीत. दादा एकदा काळजीनं म्हणाला, अगं, सोड आता. त्यावर तिनं त्याला महिनाभर केलरच्या दारातूनच परत पाठवलं. उन्हाळा येईपर्यंत तिची उजवी बोटं आस पुरती फिरवू लागली होती.

शर्यतीला मी मुद्दाम हॅनोव्हरहून गेलो. दादाला बघवेना, तो कॉफीच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभा राहिला. शेवटच्या फेरीत आतल्या वळणावर दोन गाड्या खाचेतून उडाल्या. वहिनीची गाडी मात्र जराही न थरथरता वळण घेऊन गेली. ती दुसरी आली, हेर क्लाइन पहिले. पण बक्षीस घेण्याआधी त्यांनी तिची गाडी उलटी करून उजेडाशी धरली, बोटानं चाक फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले. "गेनाऊ," म्हणजे अगदी अचूक, एवढंच म्हणाले. वहिनी तेव्हा पहिल्यांदा रडली. आजारपणात रडली नव्हती.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, डाव्या हातानं लिहू लागली, अर्धवेळ नोकरीही मिळवली. दुसरा झटका मात्र तिला संधी न देता आला.

परवा दादाबरोबर केलर आवरायला उतरलो. त्यानं फरशी झाडली, फळ्या पुसल्या. मी ओलं फडकं घेऊन टेबलाकडे वळलो, तर त्यानं माझं मनगट धरलं. टेबलावर रबराची काळी, बारीक भुकटी पसरली होती आणि तिच्यात, कडेला, हात टेकल्याच्या चार बोटांच्या खुणा होत्या. डाव्या हाताच्या.

"तेवढं राहू दे," दादा म्हणाला. आम्ही दिवा मालवला आणि दार अलगद ओढून घेतलं... वाऱ्यानं भुकटी हलू नये म्हणून.