मध्यंतरात आल्दीस काय म्हणते

आपल्याला सिनेमातलं काही कळत नाही, हे आल्दीस स्वतःच आधी सांगून टाकते आणि मग मत देते. ते मत असं असतं की पुढं कुणाला बोलायला जागाच उरत नाही.

आइसलँडच्या पश्चिमेला खाडीच्या टोकाशी आमचं गाव. दर रविवारी संध्याकाळी गावच्या सभागृहात सिनेमा लागतो. लावतो ओद्दूर. आठवडाभर तो बंदरावर क्रेन चालवतो आणि रविवारी वरच्या यंत्राच्या खोलीत जाऊन बसतो. मध्यंतर सगळ्याच गावांत असतं, पण ते कुठं घ्यायचं हे इतरांकडं घड्याळ ठरवतं, आमच्याकडं कॉफी ठरवते. बाहेरच्या मोठ्या किटलीत कॉफी झाली की खालून हाक जाते, "ओद्दूर, झाली गं बाई!" ओद्दूर बाप्या माणूस, पण हाक अशीच जाते. लगेच तो बटण दाबतो. पडद्यावर कुणी प्रेमाची कबुली देत असो की कुणाचा गळा आवळला जात असो, ते तसंच अर्ध्यावर लटकतं, दिवे लागतात आणि माणसं कपांकडं धावतात.

टेबलाच्या उजव्या अंगाला आल्दीस उभी असते. एका हातात कप, दुसऱ्या हातात क्लाइना. क्लाइना म्हणजे पिळा दिलेलं, शंकरपाळ्याच्या जातीचं तळलेलं गोड. पहिला घास खाऊन होईपर्यंत तिला कुणी काही विचारत नाही. घास गिळला की कुणीतरी म्हणतंच, "मग आल्दीस, काय म्हणतेस?"

उभा जन्म तिनं मासळीच्या कारखान्यात कॉड कापण्यात घालवला. शाळेत गेली ती अक्षरओळखीपुरती. सिनेमाच्या तळाशी पळणाऱ्या ओळी वाचायच्या भानगडीत ती पडत नाही. तिला लागतात अंतराळातले, मारामारीचे, यंत्रांचे सिनेमे. विचारी सिनेमा लागला की ती नाक मुरडते. "एक माणूस यानात बसतो आणि काचेतून बाहेर बघत राहतो. हे आमचा केतिल होडीत बसून फुकट करायचा," असं ती एकदा म्हणाली होती. तेव्हापासून तसले सिनेमे आणताना ओद्दूर दहादा विचार करतो.

पाद्रीबुवांनी तिला एकदा छेडलंही होतं, "आल्दीस, या धडाधडीत अर्थ काय असतो गं?"

"अर्थ सकाळी तू दिलास की प्रवचनात. संध्याकाळी मला धडाधडच पाहिजे."

तिची मतं गावाला पाठ आहेत. या सिनेमांतली माणसं जेवत नाहीत. जग वाचवायला निघतात ती उपाशीपोटी, मग चिडचिड करणार नाहीत तर काय करतील? पुढच्या काळातल्या माणसांना लोकर ठाऊकच नाही. एवढ्या गार अंतराळात सगळे आपले अंगाला चिकटलेल्या पातळ कपड्यांत. खलनायकाला गोळी घालायच्या आधी भाषण करायची हौस. तेवढ्या वेळात तिनं पेटीभर कॉड साफ केले असते. आणि जगबुडी कायम मोठ्या शहरांतच. "आपल्या खाडीत यायला त्या परग्रहवाल्यांना काय झालं? मी तर हा अपमान समजते."

एवढं सगळं बोलून पुढच्या रविवारी बाई सगळ्यांच्या आधी हजर.

तिची एकुलती एक मुलगी उन्नूर लंडनला असते आणि अशाच सिनेमांत काम करते. काय काम करते, हे आल्दीसला नीट सांगता येत नाही. "कॉम्प्युटरवर बसून मोडतोड करते," एवढंच ती सांगते. उन्नूर वर्षाकाठी एकदा येते, मासळी खाते, झोपा काढते आणि जाते. तिचा बाप केतिल वारल्यापासून तेही कमी झालेलं. या हिवाळ्यात मात्र ती आली, कारण तिनं दोन वर्षं ज्यावर मान मोडून काम केलं तो सिनेमा त्या रविवारी गावात लागायचा होता.

शनिवारी सकाळी तिघी पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या. तिसरी शेजारीण रानवेग. वरून बर्फाची भुरभुर चालली होती आणि केसांवर पांढरं साचत होतं.

"उद्या तुझा सिनेमा," रानवेग उन्नूरला म्हणाली. "आता बघू, तुझी आई तुला तरी सोडते का."

"आई माझ्या कामाला कधीच नावं ठेवत नाही," उन्नूर म्हणाली. "चांगलंही म्हणत नाही. त्यातलं माझं कुठलं, हे तिला कधी कळलेलंच नाही."

बोलली हसत हसत, पण नजर पाण्याकडं होती. आल्दीसला ते लागलं. लागलं की ती गप्प बसणारी नव्हे, उलट तिचा आवाज चढतो.

"नावं शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत येतात आणि हा ओद्दूर आधीच दिवे लावतो. मी काय करू?"

"नावाचं कशाला? नुसतं बघून सांग."

"सांगेन की! चर्चच्या बाजारात शंभर पायमोज्यांतून तू विणलेला पायमोजा ओळखला होता मी."

"टाच वाकडी होती ना त्याची," रानवेग म्हणाली.

"टाच कशीही असो. उद्या उन्नूरचा हात मला ओळखता आला नाही, तर मध्यंतरात मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नुसती कॉफी पिईन."

कुंडात बसलेले बाकीचे तिघे-चौघेही आता याच बाजूला सरकले. आल्दीस आणि नुसती कॉफी! दुपारपर्यंत गावभर झालं.

रविवारी सभागृह शिगोशीग भरलं. दाराशी पोचताना उन्नूर न बघताच तिसरी पायरी ओलांडून वर गेली. गावातलं लहान पोरही तसंच करतं. त्या पायरीवर पन्हळीचं पाणी ठिबकून बर्फ धरतो. तिचं नावच केतिलची पायरी. केतिल दर हिवाळ्यात तिथं पडायचा, आणि पडण्यापेक्षा त्याचं उठणं बघण्यासारखं असायचं. आधी डावा तळवा डाव्या गुडघ्यावर. मग कुणी पाहिलं का, म्हणून उजवीकडं एक चोरटी नजर. मग पाठीमागं हात नेऊन विजारीवरचा बर्फ दोनदा झटकायचा. आणि मग सावकाश असं उभं राहायचं, जसं काही तो मुद्दामच तिथं बसला होता.

सिनेमा सुरू झाला. आल्दीस खुर्चीत पुढं सरकून बसली. पडद्यावर एक शहर होतं. ते वाचवण्यासाठी माणसांनी चार मजली उंच लोखंडी राक्षस बनवला होता आणि आभाळातून उतरलेल्या काळ्या यानांशी तो एकटाच झुंजत होता. आल्दीस एकेक गोष्ट पारखत होती. ही यानं? नाही. उन्नूर लहानपणापासून नीटनेटकी, इतक्या गिचमिडीचं काम तिचं नव्हे. तो स्फोट? स्फोट कुणालाही जमतो. मग समुद्रावर पहाट झाली, पाण्यावर सोनेरी सुरकुत्या पसरल्या आणि दोन पांढरे पक्षी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत गेले. आल्दीसनं समाधानानं मान हलवली आणि पाठ टेकली. सापडलं.

इतक्यात काळ्या यानांनी राक्षसाला पुलावर गाठलं. त्याचा तोल गेला, तो आडवा झाला, पूल मोडला, धूळ उडाली, आणि बाहेरून हाक आली, "ओद्दूर, झाली गं बाई!"

दिवे लागले. राक्षस धुळीत पडलेला तसाच राहिला.

त्या दिवशी पहिला घास गिळायची वाट कुणी पाहिली नाही.

"बोल, आल्दीस!"

आल्दीसनं सगळ्यांवरून नजर फिरवली. उन्नूर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कप धरून उभी होती.

"पहाट," आल्दीस म्हणाली. "ते पाणी आणि ते दोन पक्षी. लहानपणी माझ्या पिठाच्या डब्यावर कोळशानं असलेच पक्षी काढायची ही. डोळे मिटूनही ओळखेन."

सगळ्यांनी उन्नूरकडं पाहिलं. ती हळूच म्हणाली, "नाही, आई. ते खरेच पक्षी आहेत. कॅमेऱ्यानं टिपलेले."



"बरं," आल्दीस म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज होता तस्साच. "पक्षी नाहीत तर नाहीत. एक मात्र आत्ताच सांगते. ते लोखंडाचं धूड तुझं नाही. एवढा मोठा गडी, आणि पडला कसा? रिकाम्या खोक्यासारखा! लोखंड असं पडतं होय? ज्यानं कुणी ते केलंय त्यानं आयुष्यात जड काही उचललेलं नाही."

उन्नूरनं कॉफीचा मोठा घोट घेतला. भाजला असणार.

"म्हणजे पुढच्या रविवारपासून शांतता," रानवेग खुशीत म्हणाली. "मी म्हणते, आजपासूनच सवय कर. घे, अजून एक क्लाइना घे, तोंड भरलेलं राहील."

"अर्धा सिनेमा राहिलाय अजून," आल्दीस म्हणाली खरी, पण क्लाइना तिनं परत ताटलीत ठेवली. हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

आत जाऊन बसल्यावर तिला पहिल्यांदाच वाटलं, आपण बोललो ते उगाच बोललो. मत देणं बंद झालं तर झालं. रानवेग देईल मतं, आणि भिकार देईल. पण पोटची पोर दोन वर्षं एका कामात मुरलेली आणि आपल्या डोळ्यांना ती कुठं दिसू नये? मग इतकी वर्षं आपण नक्की बघत काय होतो?

दिवे गेले. धूळ खाली बसली. मोडक्या पुलाखालच्या चिखलात राक्षस हलला आणि उठू लागला.

डावा पंजा डाव्या गुडघ्यावर टेकला. मान हळूच उजवीकडं वळली, कुणी पाहिलं का म्हणून. मग तो प्रचंड हात मागं गेला आणि त्यानं पाठीमागची माती दोनदा झटकली. आणि मग तो सावकाश असा उभा राहिला, जसं काही तो मुद्दामच तिथं बसला होता.

"ओद्दूर!" आल्दीस उठून उभीच राहिली. "थांबव! मागं घे!"

"अगं, मध्यंतर झालंय!" वरून ओद्दूर ओरडला.

"मागं घे म्हणते ना! तो उठतो तिथं!"

आमच्या सभागृहात सिनेमा आजवर कधी मागं गेला नव्हता. पण आल्दीस त्या आवाजात बोलली की कारखान्याचा मुकादमसुद्धा स्वतः चाकू घेऊन मासळी कापायला लागायचा. पडदा थबकला, धूळ परत वर चढली, राक्षस चिखलात आडवा झाला आणि पुन्हा उठू लागला. गुडघा. चोरटी नजर. झटक, झटक.

आता मात्र सगळ्यांनाच दिसलं. आधी मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग रानवेगचा आवाज आला, नेहमीसारखा खवट नव्हे, पार विरघळलेला, "अगं बाई, केतिल!" आणि सगळं सभागृह एकदम हसायला लागलं, केतिल पायरीवरून उठायचा तेव्हा हसायचं तसंच. पाद्रीबुवा तर डोळे पुसत होते.

आल्दीस हसली नाही. ती वळून उन्नूरकडं बघत होती.

"हे तुझं," ती म्हणाली.

"हो, आई. माझं."

आल्दीस खाली बसली. तिनं उन्नूरचा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "लाव रे, ओद्दूर," ती म्हणाली. पुढं शहर वाचलं की बुडालं, ते आल्दीसला विचारू नका.

सिनेमा संपला. सगळे कोट चढवून बाहेर पडले, पण घरी कुणी जाईना. माणसं पायऱ्यांशीच घोटाळत राहिली. रानवेग पुढं आली आणि म्हणाली, "जिंकलीस बाई. बोल आता जन्मभर. पण मध्यंतरात त्याला खोकं म्हणालीस, ते मागं घेतेस ना?"

सगळे ऐकायला थांबले. उन्नूरही.

आल्दीसनं हातमोजे चढवले. आधी एक, मग दुसरा.

"उठतो तो केतिल," ती म्हणाली. "त्याच्यासारखं दुसरं काही मी पडद्यावर पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. पण पडतो ते खोकंच." मग लेकीकडं वळून विचारलं, "पडणंही तुझंच का?"

"माझंच."

"मग ते वाईट झालंय, पोरी. तुझा बाप पडला की खिडक्या वाजायच्या."

रानवेगनं कपाळाला हात लावला. पण उन्नूर हसायला लागली. लहानपणी हसायची तशी, नाकातून. "मलाही तेच वाटत होतं," ती म्हणाली. "तिकडं सगळे म्हणाले, छान आहे, छान आहे. एकानंही सांगितलं नाही. आई, पुढच्या सिनेमात तो परत पडणार आहे. कसा पडायला हवा, सांग."

"सांगते की. आधी टाच सरकते."

"छे, टोपी उडते आधी," ओद्दूर दाराला कुलूप लावता लावता म्हणाला.

"टोपी नंतर! आधी तो 'हे' असं ओरडायचा," पाद्रीबुवा म्हणाले.

"तुम्ही सगळे लांबून बघायचात," आल्दीसनं दोघांना हातानं मागं सारलं. "त्याचा दंड धरलेला असायचा तो मी. वजन आधी कुठं जातं ते मला विचारा."

आणि उन्नूरचा दंड घट्ट धरून, एकेक पाय जपून टाकत, ती तिला तिसऱ्या पायरीकडं घेऊन गेली.